साठीपुढचा मधुमेह आणि हृदय: रक्ताच्या तपासण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ३१ वर्षं बायोकेमिस्ट म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यापासून कोथरूडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा टेबल मांडून बसते. मंडळी कापडी पिशवीतून फायली आणतात, रिपोर्ट पुढ्यात ठेवतात आणि विचारतात, "ताई, हे जरा बघता का?" पूर्वी त्या फायलींत साखर, क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल असायचं. आता एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन, लिपोप्रोटीन ए असे कागदही निघतात आणि ते काढताना हात थोडा थरथरतो, कारण समोर ठळक अक्षरांत "हाय" छापलेलं असतं.

मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. आकडा कुठून येतो, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि तो घेऊन डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मात्र सांगू शकते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

माझी तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.८ आहे. मग हृदयाची वेगळी तपासणी कशाला?

हा प्रश्न ऐकला की मला माझे वडील आठवतात. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह होता. रोज सकाळी पर्वती चढायचे. पुढे ते पायऱ्यांवर मध्येच थांबू लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. मग रात्री दोन उशा लागू लागल्या, संध्याकाळी मोज्यांचा वळ घोट्यावर उमटू लागला. तेव्हाच्या डॉक्टरांनीही वयाचंच कारण दिलं. साखरेचा रिपोर्ट उत्तम होता आणि घरात सगळे त्याच आनंदात होतो. हृदय अशक्त झालंय हे कळलं तेव्हा ते श्वास लागून अतिदक्षता विभागात होते. रोज शेकडो लोकांचं रक्त तपासणारी मी, घरातल्या माणसाच्या बाबतीत साखरेच्या आकड्यापलीकडे पाहिलं नाही.

साखर आणि हृदय यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासातून १९७४ मध्येच समोर आलं होतं की मधुमेह असलेल्या पुरुषांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय अशक्त होऊन रक्त ढकलायला कमी पडणं, होण्याचा धोका दुपटीहून जास्त आणि स्त्रियांना जवळजवळ पाचपट असतो. दुसरीकडे, २००८ मध्ये ॲकॉर्ड नावाच्या चाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची साखर फार कडक औषधोपचारांनी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले, सुमारे २२ टक्क्यांनी, आणि तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. म्हणजे साखर बिघडली तर हृदयाला त्रास होतो हे खरं, पण साखर छान आहे म्हणून हृदय छान आहे असं म्हणता येत नाही.

त्यात मधुमेहात नसा बधिर होतात. पायाच्या होतात तशा हृदयाच्याही. छातीत दुखलंच नाही आणि ईसीजीत जुन्या ॲटॅकची खूण सापडली, असे रिपोर्ट आमच्याकडे नेहमी यायचे. शरीर ओरडत नसेल, तर रक्तात काही कुजबुज आहे का ते पाहावं लागतं. या तपासण्या त्यासाठी आहेत.

नेमक्या कोणत्या तपासण्या?

दोन प्रकार ध्यानात ठेवा. एका प्रकारच्या तपासण्या धोक्याचं कारण दाखवतात: एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लिपोप्रोटीन ए हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, तीन महिन्यांची साखर. दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या इजा सुरू झाली आहे का ते सांगतात: हृदयावर ताण आला की वाढणारा एनटी-प्रोबीएनपी, हृदयाच्या पेशी झिजल्या की रक्तात उतरणारा ट्रोपोनिन, आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन. वय झालेल्या मधुमेहींमध्ये पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला दुसरा प्रकार जास्त उपयोगी पडतो. कोलेस्टेरॉल आयुष्यभर थोडं जास्त असलेली माणसं नव्वदीपर्यंत जातात. ताण घेणारं हृदय इतकी सवलत देत नाही.

एनटी-प्रोबीएनपी म्हणजे काय, आणि किती आला तर घाबरायचं?

हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की तिथल्या पेशी एक लांब प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, जो शरीराला मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, जो काहीच करत नाही, नुसता रक्तात फिरत राहतो. बीएनपी रक्तात सुमारे वीस मिनिटांत निम्मा होतो, एनटी-प्रोबीएनपीला साधारण दोन तास लागतात. नळीतही तो जास्त टिकतो, म्हणून लॅबला तो सोयीचा.

मधुमेहींमध्ये याची ताकद खूप अभ्यासांत दिसली आहे. ओरिजिन नावाच्या मोठ्या चाचणीत आठ हजारांहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तात तब्बल २३७ घटक मोजले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पुढच्या हृदयविकाराचा अंदाज द्यायला त्यांतले दहाच स्वतंत्रपणे उपयोगी ठरले आणि त्यांत एनटी-प्रोबीएनपी सगळ्यांत पुढे होता. इतक्या नव्या-नव्या रेणूंच्या शर्यतीत हा जुनाच पहिला आला, याचं मला लॅबवाली म्हणून फार समाधान वाटलं.

आता आकडा. रिपोर्टवर बहुधा १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा छापलेली असते. त्याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. त्याच्यावर गेला की लगेच धस्स होण्याचं कारण नाही, कारण हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि स्त्रियांमध्ये मुळातच थोडा जास्त असतो. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०२३ मध्ये बाह्यरुग्णांसाठी वयानुसार पायऱ्या सुचवल्या: ५० ते ७४ वयात २५० च्या पुढे आणि पंचाहत्तरीनंतर ५०० च्या पुढे असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच, आणि वय काहीही असो, २००० च्या वर असेल तर तातडीनं एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि तज्ज्ञ. लॅबचा कागद मात्र ७८ वर्षांच्या आजींना आणि ४५ वर्षांच्या त्यांच्या मुलाला एकाच मापानं मोजतो. म्हणून "हाय" शब्दापेक्षा शेजारचा आकडा वाचा.

आकडा वर-खाली करणारी इतर कारणंही आहेत. किडनी मंदावली असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, नुकताच न्यूमोनिया होऊन गेला असेल तर तो वाढतो. उलट वजन जास्त असेल तर तो फसवा कमी येतो. स्थूल माणसाचा ११० हा आकडा वाटतो तितका निर्धास्त नसतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाढलेल्या आकड्याची भीती सगळ्यांना वाटते, खोट्या दिलाशाची कोणालाच वाटत नाही.

गेल्या वेळी ३१०, या वेळी ३६०. वाढलं ना?

बहुधा नाही. एकाच माणसाचं रक्त वेगवेगळ्या दिवशी घेतलं तरी हा आकडा वीस-पंचवीस टक्के इकडचा तिकडे होतो. तीस टक्क्यांहून जास्त हलला तर बोलण्यासारखं काही आहे असं धरा. दुप्पट झाला तर वाट बघू नका.

ॲटॅक आला नव्हता, तरी ट्रोपोनिन वाढलेला आला. लॅबची चूक?

चूक असतेच असं नाही. पूर्वीच्या ट्रोपोनिन तपासण्या ढोबळ होत्या, ॲटॅक आला तरच त्यांना काही दिसायचं. आताच्या अतिसंवेदनशील तपासण्या लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतकं थोडं प्रथिनही पकडतात. मधुमेही, उच्च रक्तदाब असलेल्या आणि सत्तरीपुढच्या लोकांत हृदयाची बारीक झीज सतत चालू असते आणि ती आता दिसू लागली आहे. ट्रोपोनिन टीची नेहमीची मर्यादा लिटरला १४ नॅनोग्रॅम आहे. वयस्कर मधुमेहींमध्ये १८, २२ असे आकडे मी खूप पाहिले, आणि ती माणसं टेबलासमोर बसून चहा पीत होती.

डॉक्टर इथे चढ-उतार पाहतात. ॲटॅकमध्ये आकडा तासा-दोन तासांत पळतो. झिजेमध्ये तो महिनोन्‌महिने एका जागी बसलेला असतो. पण बसलेला आहे म्हणून निरुपद्रवी मानू नका. बारी-टूडी नावाच्या चाचणीत हृदयाचा स्थिर आजार आणि मधुमेह असलेले सुमारे २३०० लोक होते. त्यांपैकी जवळजवळ ३९ टक्क्यांचा ट्रोपोनिन सुरुवातीलाच १४ किंवा त्याहून जास्त होता. पुढच्या पाच वर्षांत या गटात हृदयविकाराने मृत्यू, ॲटॅक किंवा पक्षाघात २७.१ टक्के लोकांना झाला. ज्यांचा कमी होता त्यांच्यात १२.९ टक्क्यांना. दुपटीहून जास्त फरक, आणि तोही छातीत काही दुखत नसताना.

मग अँजिओग्राफी करून ब्लॉक काढून टाकावेत का?

इथेच त्या चाचणीचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. ट्रोपोनिन वाढलेल्या लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. एकाला लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास, दुसऱ्याला चांगली औषधं. पाच वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे ट्रोपोनिन धोका दाखवतो, पण त्या धोक्यावर स्टेंट हा इलाज आहे असं त्यातून निघत नाही. नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून, काही त्रास नसताना, कोणी उद्याच ॲडमिट व्हायला सांगितलं तर फाईल घेऊन दुसऱ्या हृदयतज्ज्ञांना भेटा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. छातीत भरून येत असेल, चालताना जबडा किंवा हात दुखत असेल, तर मात्र ही गोष्ट लागू नाही.

तुम्ही रक्ताबद्दल बोलता आणि लघवीची तपासणी सांगता. ती कशाला?

कारण आपल्याकडे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी तीच आहे. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. काही शे रुपयांत होते, सुई नाही, काही नाही. तरी संघात येणाऱ्या दहा फायलींपैकी सात-आठांत तिचा कागद नसतो, आणि शेजारी हजारोंची पॅकेजं असतात.

किडनीच्या गाळण्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. त्या गळू लागल्या की शरीरातल्या इतर बारीक वाहिन्यांचं, हृदयाच्या सुद्धा, अस्तर बिघडत चाललं आहे असं मानायला जागा असते. होप नावाच्या अभ्यासात पंचावन्न वर्षांपुढचे लोक होते. ज्यांच्या लघवीत थोडंसं अल्ब्युमिन होतं त्यांना ॲटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १.८ पट दिसला. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जास्त. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी सिंहगड चढून आल्यावर आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून दोनदा वाढलेला आला तरच पक्कं समजतात.

याच्या जोडीला रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते त्याचा अंदाज. वयस्कर माणसांत इथे एक खोच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. दंड-मांड्या सुकलेल्या आजोबांचं क्रिएटिनिन ०.९ येतं आणि घरचे म्हणतात, किडनी तरुणासारखी आहे. अशा वेळी सिस्टाटिन सी ही तपासणी खरं चित्र जास्त नीट दाखवते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती सरसकट करायची गरज नाही.

लिपोप्रोटीन ए करावी का?

आयुष्यात एकदा. हा आकडा जन्मजात ठरतो, आहार-व्यायामानं फारसा हलत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएल आणखी खाली ठेवायला डॉक्टरांना कारण मिळतं, आणि मुलांनी-भावंडांनीही एकदा तपासून घ्यावं. दर वर्षी पॅकेजमधून पुन्हा करणं म्हणजे पैसे वाया.

आणि सीआरपी?

अतिसंवेदनशील सीआरपी शरीरातला दाह दाखवते. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. पण हिरड्या सुजल्या, गुडघा सुजला, पावसाळ्यात चिकनगुनिया होऊन गेला तरी ती चढते. १० च्या वर आली तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा करायची. साठीपुढच्या मधुमेहींत तिच्यामुळे उपचार बदलला असं मी क्वचितच पाहिलं.

आम्ही तर बारीक आहोत. आम्हाला कसला हृदयाचा धोका?

पुण्यातच याचं उत्तर आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. वजनकाटा बघून निश्चिंत होऊ नका.

आकडा वाढला तर औषध खरंच बदलतं का? नाहीतर कळून उपयोग काय?

हा मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न. सुई टोचून घेण्याआधी प्रत्येकानं तो डॉक्टरांना विचारावा: "हा आकडा वाढलेला आला तर तुम्ही माझ्या उपचारात काय बदलाल?" उत्तर "काही नाही" असेल तर ती तपासणी सोडून द्यायला हरकत नाही.

एनटी-प्रोबीएनपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा "बरंच काही" असतं. मधुमेहाच्या काही गोळ्या ताण आलेल्या हृदयाला चालत नाहीत. पायोग्लिटाझोन स्वस्त आहे आणि आपल्याकडे खूप दिली जाते, पण ती शरीरात पाणी धरून ठेवते. हार्ट फेल्युअर असेल तर ती टाळतात. सॅक्सॅग्लिप्टिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरनं ॲडमिट व्हायचं प्रमाण २७ टक्के जास्त आढळलं, आणि ज्यांचा एनटी-प्रोबीएनपी आधीच वाढलेला होता त्यांना हा त्रास सर्वाधिक झाला. म्हणजे ही तपासणी कोणती गोळी नको तेही सांगते.

आणि कोणती हवी तेही. एम्पाग्लिफ्लोझिन, डॅपाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात, पण त्यांचा मोठा फायदा हृदयाला आणि किडनीला होतो. २०१५ च्या एम्पा-रेग चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेहींमध्ये, हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरनं ॲडमिट होणं ३५ टक्क्यांनी कमी झालं. पेटंट संपल्यानं डॅपाग्लिफ्लोझिन २०२० च्या शेवटापासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ पासून आपल्याकडे बऱ्याच कमी किमतीत मिळू लागली. पेन्शनवर जगणाऱ्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

या गोळ्या चालू असताना उलट्या-जुलाब झाले, जेवण बंद झालं, निर्जळी उपास धरला किंवा ऑपरेशन ठरलं, तर ती गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना आधी विचारा. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, खाज सुटली तर लाजू नका, सांगा. आमच्या संघातल्या एक काकू दोन महिने संकोचानं गप्प राहिल्या आणि शेवटी गोळीच बंद करून बसल्या. साध्या मलमानं काम झालं असतं.

एका छोट्या चाचणीचा उल्लेख करते, नाव पॉन्टियॅक. ज्यांना हृदयाचा आजार नाही पण एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर आहे असे ३०० मधुमेही घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना बीपीच्याच जुन्या गोळ्या, पण हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पूर्ण मात्रेपर्यंत वाढवत नेलेल्या. दोन वर्षांत हृदयाच्या कारणानं ॲडमिट होणं किंवा मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी. माणसं फक्त तीनशे होती, त्यामुळे ६५ हा आकडा गाठ मारून ठेवू नका. पण आकडा पाहून वेळेत हललं तर पुढचं टळू शकतं, इतकं त्यातून दिसतं.

दर वर्षी करायची का?

यावर मोठ्या संस्थांचं एकमत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक मधुमेहीची एनटी-प्रोबीएनपी, बीएनपी किंवा ट्रोपोनिन यांपैकी तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी. युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी २०२३ मध्ये म्हटलं, लक्षणं किंवा संशय असेल तेव्हा करा. आपल्याकडे हा खर्च बहुधा खिशातून होतो. म्हणून माझं मत असं: लघवीतलं अल्ब्युमिन, ईजीएफआर आणि कोलेस्टेरॉल दर वर्षी, न चुकता. एनटी-प्रोबीएनपी साठीनंतर एकदा पायाभूत आकडा म्हणून, आणि मग दम, सूज, बीपी, किडनीचा त्रास किंवा दहा वर्षांहून जुना मधुमेह असेल तर वर्षातून एकदा. ट्रोपोनिन डॉक्टर सांगतील तेव्हाच.

वडील ८६ वर्षांचे आहेत, फारसे चालत नाहीत. त्यांच्याही करू का?

त्यांना दम लागत असेल तर जरूर, कारण दम हृदयाचा की फुप्फुसाचा हे एका नळी रक्तात बऱ्यापैकी कळतं आणि श्वास सुखाचा करता येतो. काही त्रास नसेल, तर वीस वर्षांनंतरचा धोका मोजून त्यांना काय द्यायचं आहे? या वयात साखर खूप उतरू न देणं, न पडणं, जेवण अंगी लागणं यांचं मोल जास्त. अशक्त झालेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांची साखर आठच्या आसपास चालवून घेतात. सुनेनं आग्रहानं सातच्या खाली आणलेली साखर पहाटे चक्कर येऊन पाडते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

उपाशीपोटी जायचं का? लॅब कोणती निवडायची?

एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन, लिपोप्रोटीन ए यांना उपाशी राहायची गरज नाही. मधुमेही माणसानं या तपासण्यांसाठी सकाळी अकरापर्यंत उपाशी बसून राहू नये.

लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी आणि शक्यतो दर वेळी तीच असावी. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय वेगळे आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. आयची मर्यादा यंत्रानुसार बदलते आणि काही पद्धतींत स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असते. एकक वाचा: ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच आहेत. एका गृहस्थांनी हे दोन कागद पाहून आपला ट्रोपोनिन हजारपट वाढला असं समजून रात्र जागून काढली होती.

केसांसाठी, नखांसाठी किंवा पायांच्या मुंग्यांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व असलेल्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांना फसवतं आणि ट्रोपोनिन खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही हृदयाची गोळी चालू असेल तर बीएनपी करू नका, एनटी-प्रोबीएनपी करा. ती गोळी बीएनपीचं विघटन रोखते, त्यामुळे आकडा उगाच वाढलेला दिसतो.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं, आणि त्यानं रक्तही कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात तर आणखी. रक्त कमी असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाही फसवू शकतो, आणि दमही रक्त कमी असल्यामुळे लागत असू शकतो. हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय बाकीचे कागद वाचू नका.

फोनवरून "हृदय पॅकेज, ७० तपासण्या, घरी येऊन" सांगतात. घ्यावं का?

यादी मागवा आणि तीत लघवीतलं अल्ब्युमिन आहे का ते पाहा. बहुतेकदा नसतं. सत्तर आकड्यांत दोन-तीन तरी ठळक अक्षरांत येणारच, निरोगी माणसाचे सुद्धा. मग त्यांच्यामागे धावताना महिना जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चार तपासण्या जास्त कामाच्या.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ॲटॅक येणार नाही ना?

असं वचन कोणतीही लॅब देऊ शकत नाही. हे आकडे शंभर माणसांत किती जणांना त्रास होईल ते सांगतात, त्या शंभरांत तुम्ही कुठे आहात ते नाही. हार्ट फेल्युअर आणि मृत्यूच्या बाबतीत अंदाज बरा ठरतो, कारण तिथे बिघाड हळूहळू होतो. ॲटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीतली चरबीची गाठ अचानक फुटते. ती आज फुटेल की कधीच फुटणार नाही, हे कोणत्याही नळीतल्या रक्ताला माहीत नसतं. म्हणून नॉर्मल रिपोर्ट आला तरी कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी चालूच ठेवायची.

आकड्याची वाट न पाहता कधी निघायचं?

छातीत दाब, अचानक घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, बसल्या जागी दम, आडवं झाल्यावर गुदमरणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पायांना सूज. मधुमेहींमध्ये नुसती मळमळ, एकाएकी गळून गेल्यासारखं वाटणं किंवा कारण नसताना साखर चढणं हेसुद्धा ॲटॅकचं रूप असू शकतं. त्या वेळी जवळच्या लॅबमध्ये ट्रोपोनिन द्यायला रिक्षा करू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट ईसीजी आणि हृदयोपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

आणि जाताना जुनी फाईल न्या. तुमचा ट्रोपोनिन नेहमीच २० असतो हे तिथल्या डॉक्टरांना कळलं तर आजच्या २२ चा अर्थ वेगळा लागतो आणि आजच्या ९० चा वेगळा. शेवटचा ईसीजी, एकोचा कागद, एनटी-प्रोबीएनपीचा पायाभूत आकडा आणि चालू गोळ्यांची यादी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा, आणि ते कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवा. आमच्या संघातल्या बऱ्याच जणांची मुलं बाहेरदेशी आहेत.